रविवारची गोळी

सहावा फटका बसला तेव्हा मी खोटं बोललो, आणि तिथेच माझं चुकलं.

‘औषध म्हणून घेतली, वस्ताद!’ मल्लखांबाला गाल चिकटवून मी ओरडलो. ‘सर्दी झालेली. औषध म्हणून दोन घोट!’

मागच्या गर्दीतून एक सुस्कारा निघाला. मला वाटलं, लोकांना कणव आली. कणव नव्हती ती. खोचरवाडीत पट्ट्याखाली औषधाचं नाव काढणाऱ्याला दोन फटके जादा पडत. हा नियम मला पाठ होता, पण सहाव्या फटक्याला माणसाची स्मरणशक्ती पाठीवाटे निघून जाते.

‘तेरा,’ केरबा वस्ताद शांतपणे म्हणाले आणि त्यांनी सातवा हाणला.

केरबा वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद. वय बासष्ट. दोन धाकटे भाऊ दारूने गेल्यावर त्यांनी गावात दारूबंदी आणली, आणि ती भाषणांनी आणली नाही. प्यालेला सापडला की दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीसमोरच्या जुन्या मल्लखांबाला बांधायचं आणि मळणी मशीनच्या पट्ट्याने अकरा द्यायचे. पोलीस पाटलांकडे तक्रार जात नसे, कारण पोलीस पाटील स्वतः दोनदा बांधले गेले होते.

त्यात वस्तादांची एक खुबी होती. पहिला फटका ते स्वतः मारत नसत. ज्याने शेवटी मार खाल्लेला असेल, त्याच्या हातात पट्टा जाई. ‘मार खाल्लेला माणूस घरात बसून डूक धरतो,’ ते सांगत. ‘एक फटका त्याला मारू दिला, की त्यो आपला माणूस होतो.’ अशा रीतीने गावातले निम्मे पुरुष दारूबंदीचे कार्यकर्ते झाले होते. माझा पहिला फटका रंगा शिंत्रे या ट्रॅक्टर ड्रायव्हरने मारला. तो चार वेळचा अनुभवी होता. त्याने पट्टा उचलण्याआधी माझ्या कानात ‘माफ करा, अण्णा’ असं म्हटलं आणि मग असा मारला की माफीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी भूपाल मगदूम, गावातला एकमेव केमिस्ट. वडील जैन बस्तीच्या कमिटीवर. आमच्या घरात कांदासुद्धा परवानगी काढून यायचा. मेहुण्याकडे दोन पेग घेतले आणि त्याच वासासकट शेवटच्या एसटीने परत आलो, एवढाच माझा इतिहास. तेरावा फटका बसल्यावर मला सोडवलं तेही वस्तादांनीच. माझा सदरा माझ्या खांद्यावर टाकत म्हणाले, ‘मलम आसंल न्हवं दुकानात?’

‘आहे.’

‘मग लाव. आन् दुपारी दुकान उघड. माजी गोळी संपलीया.’

ही त्यांची रविवारची गोळी. वस्तादांना संधिवात होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांची बोटं अशी वाकडी झाली होती की सदऱ्याची गुंडी त्यांच्या पत्नी, हौसाकाकी, लावून देत. सांगलीच्या एका डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी दिली आणि सहा महिन्यांत त्यांची मूठ वळायला लागली. म्हणजे माझ्या पाठीवरचे वळ, एका अर्थी, माझ्याच दुकानातले होते.

वस्ताद मोठे व्यवस्थित. डॉक्टरांची चिठ्ठी घामाने खराब होऊ नये म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती लॅमिनेशन करून घेतली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, मागची बाजू तशीच ठेवायची का? वस्तादांनी खिशातून तालमीच्या मारुतीचा फोटो काढून दिला. तेव्हापासून ती चिठ्ठी एका बाजूने औषध आणि दुसऱ्या बाजूने देव अशी होती. दर महिन्याला ते ती काउंटरवर ठेवत. मी मारुतीला हात लावून तो कपाळाला लावायचो, आणि गोळ्यांची पट्टी द्यायचो. नऊ वर्षं. केमिस्टने चिठ्ठी वाचायची असते असं कॉलेजात शिकवलं होतं. तिला नमस्कार करण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, तो भाग मी आपणहून केला.

माझ्यानंतर चार महिने गावात कोणी सापडलं नाही. बस्तीच्या कमिटीवाल्याच्या पोराला तेरा पडले म्हटल्यावर बाकीच्यांनी शेजारच्या गावात जाऊन प्यायला आणि तिथेच झोपायला सुरुवात केली. वस्तादही त्या चार महिन्यांत तालमीत कमी दिसू लागले. गोळी न्यायला हौसाकाकी यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, ‘जेवन जाईना त्यास्नी.’

मग एका सोमवारी सकाळी मी दुकान झाडत होतो, तर हौसाकाकी जवळजवळ पळतच आल्या. हातात सोनोग्राफीचं मोठं पाकीट आणि ती चिठ्ठी. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

‘भूपाल, ब्लेड हाय का?’

‘काय झालं, काकी?’

‘ब्लेड दे आधी!’

मी ब्लेड दिलं. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि मारुतीच्या पायाखालून प्लास्टिक कापायला लागल्या. कापता कापता बोलत होत्या. वस्तादांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, म्हणून काल सांगलीला नेलं. मशीनवाल्याने पोटावर यंत्र फिरवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘किती वर्षं पिताय, बाबा?’ बाहेर बाकावर रंगा शिंत्रे बसला होता, बायकोला घेऊन आलेला. दार उघडंच होतं.

‘रातीत गावभर झालं,’ काकी म्हणाल्या. ‘केरबा वस्तादाचं लिव्हर दारूनं सडलं. आता तालमीम्होरं निम्मं गाव जमलंय. बांधलं त्यास्नी.’

‘पण वस्ताद तर थेंबसुद्धा—’

‘हे वाच.’

मारुती अर्धा निघाला होता. शेपूट आणि एक पाय कागदाला चिकटून राहिला होता, पण त्याच्या छातीच्या जागी डॉक्टरांचं अक्षर स्वच्छ दिसत होतं. दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, लिव्हरसाठी. रिपोर्ट पाहिल्याशिवाय पुढच्या गोळ्या देऊ नयेत. शेवटच्या चार शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी ते दोनदा वाचलं.

‘सांगलीच्या डॉक्टरनं इचारलं, मागं लिवलंय ते कुणी बघितलं न्हाई का?’ काकी म्हणाल्या. ‘नऊ वर्सं ही गोळी नुसती खात ऱ्हायली की लिव्हर जातं म्हनं. दारू पिल्यावानीच जातं. फरक वळकू येत न्हाई.’

‘वस्तादांना माहीत आहे हे?’

‘कालच कळलं.’

‘मग ते सांगत का नाहीत गावाला?’

‘काय सांगू दे? औषधानं झालं म्हनून?’ काकींनी माझ्याकडे पाहिलं. ‘रातभर बसून व्हते. म्हनले, हौसा, शंभर मानसांनी माज्याफुडं त्यो शब्द काढला. प्रत्येकाला मी दोन जादा हानले. आता मी कुठल्या तोंडानं काढू?’

तालमीच्या दिशेने आरडाओरडा ऐकू आला, आणि मग हसू.

‘डॉक्टर म्हनलाय, ह्यांचं रक्त आता थांबायचं न्हाई. साधा मार जरी लागला तरी आतल्या आत जातील.’ त्यांनी माझा हात धरला. ‘चल. पहिला फटका तुजा हाय.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटचा मार मी खाल्ला होता.

‘काकी,’ मी म्हणालो, आणि हे मला आजही लिहायला आवडत नाही, ‘हे सांगितलं तर माझं लायसन जाईल.’

‘त्यांचं लिव्हर गेलंय,’ काकी म्हणाल्या.

तालमीसमोर दीडशेक माणूस होतं. एरवी पट्ट्याच्या दिवशी लोक लांब उभे राहत, आज अगदी जवळ आले होते. वस्ताद मल्लखांबाला पाठ लावून उभे होते. इतरांना तोंड खांबाकडे करून बांधत, यांना उलटं बांधलं होतं, सगळ्यांना बघता यावं म्हणून. हातपाय काटक्या झालेले, पोट तेवढं मडक्यासारखं पुढे, डोळे हळदीसारखे. कासरा दंडाला आवळला होता तिथे जांभळं झालं होतं. कोणीतरी तोंडावर ठोसा दिलेला असावा. नाकातून रक्त येत होतं, मिशीवरून हनुवटीवर, तिथून सदऱ्यावर. ते थांबत नव्हतं. मी केमिस्ट होतो. किती वेळात थांबायला पाहिजे, ते मला ठाऊक होतं.

‘काय वो वस्ताद,’ रंगा पट्टा हातावर आपटत त्यांच्यासमोर फेऱ्या मारत होता, ‘पिलासा का?’

‘न्हाई.’

‘मग लिव्हर काय उंदरानं खाल्लं?’

गर्दी हसली. मागून एक खडा आला आणि वस्तादांच्या गुडघ्याला लागला.

‘मला चार येळा बांधलंसा,’ रंगा म्हणाला. त्याचा आवाज चढला. ‘माझ्या पोराफुडं बांधलंसा! पोरगं वर्सभर माझ्याशी बोललं न्हाई. आन् तुमी घरात बसून ढोसत व्हतासा?’

‘म्या पिलो न्हाई,’ वस्ताद म्हणाले. ‘तुला मारायचं तर मार. दुसरं काय इचारू नगंस.’

‘मग लिव्हर कशानं गेलं ते सांगा की!’

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं, काकींच्या हातातल्या कापलेल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

‘आलं आमचं अण्णा!’ रंगाने मला गर्दीतून ओढून घेतलं आणि पट्टा माझ्या हातात कोंबला. ‘मान तुमचा. तेरा खाल्ल्यात तुमी. वसूल करा.’

मी वस्तादांसमोर जाऊन उभा राहिलो. पट्टा वाटतो त्यापेक्षा जड असतो. इतकी वर्षं ते तो कसे उचलत होते, असा एक निरर्थक विचार माझ्या मनात आला.

‘भूपाल,’ ते ओठ न हलवता बोलले, ‘मार एक आन् घरला जा. वाचायचं काम मलाबी व्हतं. मी त्याच्यावर मारुती चिकटवला.’

‘वस्ताद—’

‘तुजी पोरं ल्हान हायती. मार.’

मी शूर माणूस नाही. मी हात उचलला. तो उचललेला हात तिथेच किती वेळ होता ते सांगता येणार नाही, पण त्यांच्या हनुवटीवरून चार थेंब पडले, एवढं मी पाहिलं. मग पट्टा खाली टाकला.

‘वस्तादांनी दारू घेतलेली नाही,’ मी वळून म्हणालो. ‘गोळीनं गेलंय लिव्हर. मी दिलेल्या गोळीनं. औषधानं झालंय!’

मागून कोणीतरी आनंदाने किंचाळलं, ‘औषध!’

‘औषध म्हनतंय! दोन जादा!’

‘तेरा! तेरा!’

अख्खी गर्दी हसत, टाळ्या पिटत तेरा तेरा ओरडू लागली. रंगाने वाकून पट्टा उचलला आणि मला ढकलून वस्तादांच्या मांडीवर एक सणसणीत हाणला. वस्तादांच्या तोंडातून आवाज आला नाही. धोतरावर मात्र रक्ताची एक रेघ उमटली, आधी बोटाएवढी, मग हाताएवढी, आणि ती रुंदच होत गेली. काकी ओरडल्या. रंगाने दुसऱ्यासाठी हात मागे नेला.

मी त्या हाताला चावलो. आमच्या सात पिढ्यांत कोणी मांसाला दात लावला नव्हता. मी रंगा शिंत्रेच्या मनगटात हाडापर्यंत लावला. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या जबड्यावर ठोसा दिला, आणि माझा खालचा एक दात तिथे मातीत पडला. मी सोडलं नाही. त्याने गुडघा मारला, मी सोडलं. पण तेवढ्यात पट्टा काकींनी ओढून घेतला होता, आणि तो घेऊन त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. साठीची बाई, नाकात नथ, हातात मळणीचा पट्टा. पुढे यायची कोणाची छाती झाली नाही.

‘वाच,’ चिठ्ठी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. ‘मोठ्यानं वाच.’

मी रक्त थुंकलो आणि वाचलं. चिठ्ठीवर मारुतीचं शेपूट अजून होतं, त्याच्या पलीकडचं वाचलं, तारीख वाचली, डॉक्टरांचं नाव वाचलं. दर तीन महिन्यांनी तपासणी. रिपोर्ट पाहिल्याशिवाय गोळ्या देऊ नयेत. रंगाला वाचता येत होतं. त्याने कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला. ओठ हलवत, सावकाश. मग मनगट दाबून धरत त्याने मला विचारलं,

‘आन् नऊ वर्सं तुमी काय करत व्हतासा?’

‘नमस्कार,’ मी म्हणालो.

खरं तेच सांगितलं होतं, पण ते त्या वेळी चांगलं वाटलं नाही.

जमलेल्या गर्दीला कोणीतरी लागतंच. वस्तादांना सोडलं आणि त्याच कासऱ्याने मला बांधलं, तोंड खांबाकडे करून, रीतीप्रमाणे. बांधता बांधता ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने मारलं. एकाने चप्पल वापरली. एक बरगडी तेव्हाच गेली, ती पुढे वाकडी जुळली. लांबून काचा फुटल्याचा आवाज आला. दहा-बारा जण दुकानाकडे गेले असणार. खोकल्याच्या बाटल्या फुटल्याचा वेगळा आवाज असतो, तो ओळखू आला.

‘पहिला कोन?’ कोणीतरी विचारलं.

हा पेच होता. शेवटचा मार खाल्लेला मी, आणि मी तर खांबाला. थोडी कुजबुज झाली. शेवटी रंगानेच निवाडा केला. चार वेळचा अनुभव होता त्याच्या पाठीशी.

‘शेवटचा मार आत्ता वस्तादांनी खाल्लाय,’ तो म्हणाला. खाली बघत म्हणाला. ‘पहिला त्यांचा. आन् बाकीचंबी त्यांचंच.’

‘त्यास्नी उभं ऱ्हावंना,’ काकी म्हणाल्या. ‘जीपगाडी बोलवा कुनीतरी. दवाखान्यात न्यायचंय.’

‘गाडी येईपतूर ऱ्हातो उभा,’ वस्ताद म्हणाले. ‘दे हिकडं.’

त्यांची पावलं ऐकू आली. एक, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. मी डोळे मिटले, दात आवळले, म्हणजे जे उरले होते ते. तेरा फटके माझ्या पाठीला आठवत होते.

पहिला पडला.

मला वाटलं, ते अंदाज घेतायत. खांद्यावर कोणी ओला टॉवेल टाकावा तसं काहीतरी झालं. दुसरा पडला, तो त्याहून हलका. पट्टा पाठीवर आला आणि आपल्याच वजनाने घसरत खाली गेला. माझ्या मागे वस्तादांचा श्वास ऐकू येत होता. घरघर आणि मध्ये शिट्टी.

‘हातात काय ऱ्हायलं न्हाई वस्तादाच्या,’ गर्दीत कोणीतरी हळूच म्हणालं.

‘संपलं की म्हातारं.’

हे त्यांनी ऐकलं. मी ऐकलं म्हणजे त्यांनीही ऐकलं. पुढचा फटका येईना. मग त्यांनी माझे केस मुठीत धरले, दरडावायला धरतात तसे, आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. त्या वळलेल्या मुठीत माझे केस नीट मावतही नव्हते.

‘भूपाल.’

‘काय, वस्ताद?’

‘लागतंय का रं?’

मी गाल खांबाला आणखी दाबला.

‘मग वरड की, भाड्या,’ ते म्हणाले. ‘मानसं बघत्यात.’

तिसऱ्याला मी ओरडलो. माझं ओरडणं हा प्रकार आधीपासून बरा आहे, लहानपणी नाटकात होतो. ‘आई गं!’ म्हणून असा टाहो फोडला की पुढच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. चौथ्याला मी पाय झाडले. पाचव्याला ‘मेलो, वस्ताद, मेलो!’ म्हणालो. सहाव्याला एक बाई रडायला लागली. सातव्याला रंगा पुढे येऊन म्हणाला, ‘वस्ताद, बास करा. मरंल त्यो.’

‘मरू दे,’ वस्ताद म्हणाले. आवाजात जरा जुनी धार आली होती.

मागून कोणीतरी म्हणालं, ‘हात हाय बाबा त्यो. आजारपनातबी.’

त्यानंतर ते सात आठवडे जगले. माझं लायसन दोन वर्षं गेलं. ते सांगलीच्या दवाखान्यात होते तोवर गावातून रोज कोणी ना कोणी डबा घेऊन जाई, आणि रंगा शिंत्रे मनगटाला पट्टी बांधून ट्रॅक्टरने तीन वेळा गेला. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी फक्त मोजत होतो.

आठवा, नववा. दोन फटक्यांच्या मधलं अंतर वाढत होतं. दहाव्याला पट्टा माझ्या कमरेला नुसता शिवला. जीप आल्याचा आवाज आला. काकी म्हणत होत्या, चला आता, चला. मी अकराव्याची वाट पाहत राहिलो. मागे काहीतरी मातीत पडल्याचा आवाज झाला, बारीक, सैल. तो पट्टा होता. त्यांच्या हातातून सुटला होता.

अकरावा मला लागलाच नाही. पण त्यालाच मी सगळ्यात मोठ्याने ओरडलो.